पशुव्यवसायाचा परवाना आणि शेतकरी

चिपळूणच्या बाजारात मटणाच्या दुकानासमोर उभे राहणारे गिऱ्हाईक भाव विचारते, मांस ताजे आहे की नाही ते पाहते, दुकानदार ओळखीचा असला तर चार घरच्या गोष्टीही करते. परंतु भिंतीवर टांगलेल्या परवान्याकडे ते क्वचितच नजर टाकते. दुकानदारालाही त्या कागदाचे महत्त्व वाटते ते तपासणीस कोणी येणार असेल त्या दिवसापुरतेच. आणि ज्या शेतकऱ्याच्या गोठ्यातून तो बोकड किंवा ज्याच्या खुराड्यातून ती कोंबडी तेथवर आली, त्याची तर अशी ठाम समजूत असते की, परवाना ही शहरातील भानगड आहे, तिचा वाडीशी काही संबंध नाही. या तिन्ही समजुती चुकीच्या आहेत. आणि त्यांपैकी तिसरी सर्वांत अधिक नुकसानीची आहे.

कोकणातील शेतकऱ्याची जमीन थोडी, आणि तीही तुकड्यातुकड्यांनी विभागलेली. खरिपात भात आणि वरकस जमिनीत नाचणी झाली की, बागायत नसलेल्या घरात वर्षाच्या उरलेल्या दिवसांत रोख पैसा येण्याचे मार्ग फारसे राहत नाहीत. मुलाची फी, घरातील आजारपण, शिमग्याचा खर्च अशी नड उभी राहिली म्हणजे चार शेळ्या आणि पाच-पंचवीस गावठी कोंबड्या यांचाच आधार वाटतो. या जनावरांना दर मिळतो तो अखेर शहरात आणि महामार्गावरील खाणावळींत. शिमग्याचे दिवस आणि श्रावण लागण्यापूर्वीचा आठवडा यांत मागणी किती चढते हे कोणाही शेळीपालकास सांगावयास नको. म्हणजे शहरातील दुकान, खाणावळ, दूध केंद्र आणि कोंबडी विक्रेत्याचा गाळा ही शेतकऱ्याच्या गोठ्याचीच पुढची बाजू होय. तेथे बेशिस्त असली तर ग्राहकाचा विश्वास उडून दर पडतो, आणि रोग उद्भवला तर तो ज्या टेम्पोतून जनावर गेले त्याच टेम्पोतून परत वाडीत येतो.

हे नियंत्रण स्थानिक संस्थांकडे सोपविण्यात आले आहे, ते विचारपूर्वकच. 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीने जे बारावे परिशिष्ट जोडले गेले, त्यात नगरपरिषदांच्या कामांमध्ये कोंडवाडे व प्राण्यांवरील क्रूरतेस प्रतिबंध हा एक विषय आणि कत्तलखाने व कातडी कमावण्याचे कारखाने यांचे नियंत्रण हा दुसरा विषय स्पष्ट नमूद आहे. पंचायतींसाठीच्या अकराव्या परिशिष्टात पशुसंवर्धन, दुग्धव्यवसाय व कुक्कुटपालन आहे. महाराष्ट्रापुरते पाहिले तर नगरपरिषदांचा 1965 चा अधिनियम आणि ग्रामपंचायतींचा 1958 चा अधिनियम हे दोन मुख्य आधार होत. कोंडवाड्यांचा कायदा तर 1871 इतका जुना आहे. शहरांत गुरे पाळण्यावर व फिरविण्यावर नियंत्रण ठेवण्यासाठी 1976 चा स्वतंत्र अधिनियम आहे. इतकेच काय, जनावरांच्या खुरांस नाल किंवा पत्री मारणाऱ्या कारागिरानेही परवाना घेतला पाहिजे, असा केंद्र सरकारचा 1965 चा नियम आहे. बैलांना पत्री मारणाऱ्यांपैकी किती जणांना तो ठाऊक असेल हा प्रश्न निराळा, कारण आता पत्री मारणारेच शोधावे लागतात.

तेव्हा कायद्याची वाण आहे असे म्हणता येणार नाही. उणीव आहे ती कायद्यामागील हेतू समजून घेण्याची.

परवाना आणि कर यांची गल्लत ही या गोंधळाची मूळ जागा होय. अनेक ठिकाणी परवान्याकडे उत्पन्नाची बाब म्हणून पाहिले जाते. फी भरली, पावती मिळाली, वर्ष निघाले. जागेवर जाऊन कोणी पाहिले नाही. व्यवसाय करणाराही मग त्याला एक पट्टीच समजतो, आणि ती चुकविता आली तर चुकवितो. वास्तविक कर हा सार्वजनिक खर्चासाठी असतो, तर परवाना हा अटींसाठी असतो. पाणी कोठून येते, सांडपाणी कोठे जाते, जनावरास उभे राहण्यास व वळण्यास पुरेशी जागा आहे का, आजारी जनावर वेगळे बांधण्याची सोय आहे का, मेलेल्याची विल्हेवाट कशी लागते, एवढ्या गोष्टी ज्या कागदात पाहिल्या गेल्या नाहीत, त्याला परवाना म्हणणे हे शब्दाचे नुकसान करणे होय.

कराच्या बाबतीत महाराष्ट्र शासनाने जुलै 2025 मध्ये एक महत्त्वाचा निर्णय घेतला, तो प्रत्येक पशुपालकास माहीत असावयास हवा. पशुसंवर्धन व्यवसायास कृषी समकक्ष दर्जा देण्यात आला. 25,000 पर्यंत मांसल कोंबड्या, 50,000 पर्यंत अंड्यांवरील कोंबड्या, 100 पर्यंत दुधाळ जनावरे, 500 पर्यंत मेंढ्या-शेळ्या आणि 200 पर्यंत डुकरे पाळणारे त्यात येतात; वीजदर आणि ग्रामपंचायतीचा कर या बाबतींत त्यांना शेतीप्रमाणे धरावे, असे धोरण ठरले. ही मागणी पशुपालकांची जुनी होती आणि ती न्याय्यच होती. परंतु या निर्णयाचा अर्थ ‘आता कोणी काही विचारावयाचे नाही’ असा जो कोणी घेईल तो फसेल. कर हलका झाला म्हणून कोंबड्यांच्या विष्ठेवर माशा बसावयाच्या थांबत नाहीत. किंबहुना कराचा बोजा कमी झाल्यामुळे अटींच्या बाबतीत ग्रामपंचायतीस आता अधिक मोकळेपणाने आणि अधिक निःस्पृहपणे बोलता येईल.

चिपळूण शहराची हद्द संपते आणि खेर्डी ग्रामपंचायतीची हद्द सुरू होते ती रेषा रस्त्याने जाणाऱ्याला दिसत नाही. एकाच रांगेतील दोन दुकानांपैकी एक नगरपरिषदेच्या नियमाखाली आणि दुसरे ग्रामपंचायतीच्या नियमाखाली असे अशा सीमेवर सहज घडू शकते. शहरात तपासणी कडक झाली की धंदा हद्दीबाहेर सरकतो. ग्रामपंचायतीकडे तपासणीस माणूस नसतो. पाणी मात्र दोघांचे एकाच नदीला मिळते. हद्दीलगतच्या ग्रामपंचायतींनी आणि नगरपरिषदेने एकच अटींचा नमुना मान्य केला तर ही पळवाट बंद होईल. त्यासाठी नवा कायदा नको, दोन ठराव पुरेत.

पुराचा विषय निघाल्यावाचून चिपळूणविषयी काही लिहिणे शक्यच नाही. 22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठी आणि शिव या नद्यांचे पाणी शहरात शिरले आणि बाजारपेठ बुडाली. माणसांचे हाल सर्वांनी पाहिले. बांधलेल्या जनावराची दशा मात्र अशा वेळी फार वाईट असते. दावे सोडावयास कोणी पोहोचले नाही तर ते जागेवरच मरते, आणि सोडले तर कोठे वाहत जाईल याचा नेम नसतो. पाणी ओसरल्यावर पंचनामा करणाऱ्याने विचारलेला पहिला प्रश्न असतो, जनावरे किती होती? वाहून गेलेल्या शेळीचा पुरावा आणावयाचा कोठून? पाळणाऱ्याचे नाव, जागा आणि जनावरांची संख्या यांची नोंद स्थानिक संस्थेच्या दप्तरात आधीपासून असेल तर तीच त्याच्या बाजूने बोलते. जो शेतकरी नोंदणीस टाळाटाळ करतो तो आपल्याच भरपाईचा आधार काढून घेतो. राज्यात 1 जून 2024 पासून कानातील बिल्ल्याशिवाय जनावरांची खरेदी-विक्री करू नये असे ठरले, आणि नैसर्गिक आपत्तीत जनावर दगावले तर बिल्ला असल्याशिवाय भरपाई देय नाही, हेही त्यासोबत सांगण्यात आले. बारा अंकांचा तो पिवळा बिल्ला जनावराच्या कानात असतो. पण त्याचा क्रमांक घरातील वहीत लिहिलेला असतो काय?

पुरानंतर दुसरे संकट येते ते चिखलातून. लेप्टोस्पायरोसिस हा रोग उंदीर, गुरे, डुकरे, कुत्रे यांच्या मूत्रावाटे पाण्यात उतरतो आणि भातखाचरात अनवाणी उभ्या असलेल्या माणसाच्या पायाच्या भेगेतून शरीरात शिरतो. खालच्या अंगाला असलेला अस्वच्छ गोठा किंवा दुकानामागे साठविलेली घाण ही अशा वेळी त्या एका मालकाची खासगी बाब राहत नाही. म्हणून चिपळूणसारख्या ठिकाणी पशुव्यवसायाचा परवाना देताना एक अट अवश्य असावी, ती ही की, पुराचा इशारा मिळाल्यावर जनावरे कोणत्या उंच जागी न्यावयाची, कोणी न्यावयाची आणि चारा कोठे ठेवलेला आहे, हे अर्जातच लिहून द्यावे. ही कल्पना हवेतील नव्हे. इंग्लंडमध्ये 1 ऑक्टोबर 2018 पासून जनावरांशी संबंधित व्यवसायांचे जे नियम लागू झाले, त्यांनुसार पाळीव प्राण्यांची विक्री, श्वानपैदास, घोडे भाड्याने देणे अशा धंद्यांना स्थानिक कौन्सिलचा परवाना घ्यावा लागतो, आणि आपत्तीच्या वेळी काय करावयाचे याची लेखी योजना ही त्यातील एक सर्वसाधारण अट आहे. जेथे वाशिष्ठीसारखी नदी नाही तेथेही ही दक्षता घेतली जाते.

मांस दुकानांतील टाकाऊ भागाची विल्हेवाट हा नदीकाठच्या गावांचा आणखी एक दुखरा विषय. आतडी, पिसे, रक्त हे ओढ्यात किंवा काठावर टाकले की भटकी कुत्री जमतात, आणि चटावलेली कुत्री पुढे वाडीतील करडांवर व कोंबड्यांवर धाव घेतात. वाशिष्ठी आणि शिव यांच्या पात्रांत मगरीही आहेत. 2024 च्या पावसाळ्यात त्यांपैकी एक चिपळूणच्या रस्त्यावर फिरताना लोकांनी पाहिली. तिला परवाना विचारण्याचे धाडस कोणी केले नाही, हा भाग वेगळा.

रोगराईच्या बाबतीत मात्र विनोदास जागा नाही. फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतात प्रथमच कोंबड्यांतील बर्ड फ्लू आढळला आणि एका तालुक्याचा भरभराटीचा धंदा काही दिवसांत बसला. जानेवारी 2021 मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे, आणि जानेवारी 2025 मध्ये कोकणातच उरण तालुक्यात तो पुन्हा दिसला. अशा वेळी रोगाच्या ठिकाणापासून 1 किलोमीटरचा परिसर बाधित क्षेत्र आणि 10 किलोमीटरपर्यंतचा परिसर निगराणी क्षेत्र म्हणून धरला जातो. त्या वर्तुळात कोणाकडे किती पक्षी आहेत, कोणत्या गाळ्यात माल कोठून येतो, ही माहिती पशुवैद्यकास त्याच दिवशी हवी असते. ती जर परवान्याच्या नोंदवहीत नसेल तर घरोघर हिंडून गोळा करावी लागते आणि तेवढ्या अवधीत रोग पुढे गेलेला असतो. येथे शेतकऱ्याच्या हिताची एक गोष्ट लक्षात ठेवावी. भरपाई मिळते ती शासनाने नष्ट केलेल्या पक्ष्यांची; आधीच मरून पडलेल्यांची नव्हे. म्हणजे जो लवकर कळवितो त्याचे अधिक वाचते, आणि जो मेलेल्या कोंबड्या रात्री खड्ड्यात पुरून गप्प बसतो तो दोन्हीकडून बुडतो.

लम्पी चर्मरोगाचा अनुभव तर ताजा आहे. ऑगस्ट 2022 मध्ये जळगाव जिल्ह्यात तो दिसला आणि सप्टेंबरात राज्यातील गुरांचे बाजार व वाहतूक बंद करावी लागली. घाटमाथ्यावरच्या बाजारातून बैल किंवा दुभते जनावर आणणाऱ्या कोकणी शेतकऱ्यास त्याचा अर्थ काय होतो हे वेगळे सांगण्याची गरज नाही. या बंदीमागे जो कायदा होता, तो 2009 चा. त्यात अनुसूचित रोगाचा संशय येताच जनावराच्या मालकाने गावच्या अधिकाऱ्यास किंवा पंचायतीस कळविले पाहिजे, असे बंधन आहे. कळविण्याची पहिली पायरी पंचायत ही आहे. ती पायरीच पोकळ असेल तर वरच्या सर्व योजना अधांतरी राहतात.

आता शेतकऱ्याच्या आणि लहान व्यावसायिकाच्या तक्रारीकडे वळले पाहिजे, कारण ती खरी आहे. एखाद्या बाईने बचत गटाचे कर्ज काढून शंभर कोंबड्यांची शेड उभी केली आणि सोलून विक्रीही सुरू केली, तर तिला ग्रामपंचायतीचे ना-हरकत पत्र लागते, अन्न सुरक्षा कायद्याखालील नोंदणी लागते, शहरात गाळा घ्यावयाचा तर नगरपरिषदेचा परवाना लागतो. प्रत्येक दारी तेच कागद, तीच छायाचित्रे. एका फेरीस एक दिवसाची मजुरी बुडते. अशा स्थितीत तिने विनापरवाना धंदा केला तर दोष सर्वस्वी तिचाच म्हणता येत नाही. अन्न सुरक्षेच्या 2011 च्या नियमावलीने लहानांसाठी मार्ग सोपा ठेवला होता. दिवसाला 50 पर्यंत पक्षी किंवा 10 पर्यंत लहान जनावरे एवढी क्षमता असलेल्यांना, तसेच दिवसाला 500 लिटरपर्यंत दूध हाताळणाऱ्यांना मोठा परवाना न मागता केवळ नोंदणी पुरेशी मानली आणि तिची वार्षिक फी 100 रुपये ठेवली. सहकारी दूध संस्थेच्या नोंदलेल्या सभासदाने संस्थेसच दूध घातले तर त्याच्यावर परवान्याचे बंधनही ठेवले नाही. लहानमोठ्यांत असा भेद करण्याची ही दृष्टी स्थानिक संस्थांनी उचलण्यासारखी आहे. पाच शेळ्यांचा गोठा आणि पाच हजार कोंबड्यांची शेड यांना एकाच मापाने मोजणे म्हणजे लहानास चिरडणे आणि मोठ्यास सूट देणे होय.

इंग्लंडच्या वर उल्लेखिलेल्या नियमांतील आणखी एक युक्ती येथे विचारात घेण्यासारखी आहे. तेथे तपासणीनंतर बहुतेक धंद्यांना एक ते पाच तारे दिले जातात, आणि ज्याची व्यवस्था चांगली त्यास एकाऐवजी दोन किंवा तीन वर्षांचा परवाना मिळतो. म्हणजे चांगले वागणाऱ्याच्या फेऱ्या कमी होतात आणि तपासणीसाचा वेळ जेथे गरज आहे तेथे खर्च होतो. आपल्याकडील कार्यालयांत माणसे थोडी, हे कारण नेहमी पुढे केले जाते. त्या कारणासाठीच ही पद्धत अधिक उपयुक्त ठरेल.

परंतु सर्वांत मोठा मुद्दा निराळाच आहे, आणि त्याची चर्चा नगरपरिषदांच्या सभांतून व्हावयास हवी. 2001 च्या कत्तलखाना नियमांप्रमाणे नगरपरिषदेच्या हद्दीत मान्यताप्राप्त वा परवानाधारक कत्तलखान्याखेरीज अन्यत्र जनावर कापता येत नाही. गाभण जनावर, तीन महिन्यांच्या आतील पिल्लू, किंवा जिला तीन महिन्यांहून लहान पिल्लू आहे अशी मादी कापावयाची नाही. पशुवैद्यकाने तासाला 12 हून अधिक आणि दिवसाला 96 हून अधिक जनावरे तपासावयाची नाहीत, इतका बारकावा त्यात आहे. नियम उत्तम आहेत. गाभण शेळी नडीपोटी विकणाऱ्या शेतकऱ्याचेही त्यात हित आहे, कारण तो एका शेळीच्या पैशात दोन-तीन जीव देऊन बसतो. परंतु ज्या शहरात पाण्याची, निचऱ्याची आणि पशुवैद्यकाची सोय असलेली जागाच नगरपरिषदेने बांधून दिलेली नाही, तेथे खाटकाने नियम पाळावा तो कोठे? सोय न करता परवाना मागणे हा अन्याय आहे. त्यापेक्षाही वाईट म्हणजे त्यामुळे सर्वांनाच नियम मोडण्याची सवय लागते, आणि एकदा मोडलेला नियम मग प्रामाणिक माणसासही पाळावासा वाटत नाही.

मुंबईचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. शहरातील म्हशींच्या तबेल्यांचा प्रश्न नुसत्या नोटिसांनी सुटत नव्हता. 1949 मध्ये गोरेगावजवळ आरे दुग्ध वसाहत उभारण्यास आरंभ झाला. तेथे गोठे, पाणी, चारा, पशुवैद्यक आणि दुधाची हमखास उचल ही सर्व व्यवस्था आधी झाली, म्हणून तबेलेवाल्यांना जनावरे तेथे नेता आली. मुंबईतील सर्व तबेले तेवढ्याने हटले नाहीत हे खरे. पण जे हटले ते सोय झाल्यामुळे हटले. चिपळूणला आरेएवढा पसारा नको. पूररेषेच्या वर, वस्तीपासून दूर, पक्क्या फरशीचा, भरपूर पाण्याचा आणि गाळण टाकी असलेला एक लहान कत्तलखाना, तसेच टाकाऊ भागासाठी शहराचा व लगतच्या ग्रामपंचायतींचा सामाईक खड्डा किंवा बायोगॅस संयंत्र एवढे झाले तरी पुरे. रक्त, पिसे व विष्ठा यांपासून नीट कुजविलेले खत आंबा-काजूच्या बागांना उपयोगी पडेल. ज्या पदार्थाने नदी घाण होते तो बागेत गेला तर शेतकरी त्यासाठी दोन पैसे मोजावयासही तयार होईल.

या कामात गावपातळीवरील कार्यकर्त्याचे स्थान मोठे आहे. 2024 पर्यंत ज्यांना ग्रामसेवक म्हटले जाई ते ग्रामपंचायत अधिकारी, पशुधन पर्यवेक्षक आणि कृषी विभागाचे कर्मचारी या तिघांनी वर्षातून एकदा, मे महिन्यात, पावसापूर्वीच्या लसीकरणाच्या निमित्ताने एकत्र वाडीत फिरावे. घटसर्प, फऱ्या, आंत्रविषार यांच्या लसी टोचताना जनावरांची संख्या, बिल्ल्याचे क्रमांक आणि गोठ्याची जागा यांची नोंद त्याच बैठकीत होऊ शकते. अर्जाचा नमुना कार्यकर्त्याने स्वतः भरून द्यावा. शेतकऱ्याने केवळ वाचून सही करावी. धाक घालून केलेली नोंद खोटी असते, हा अनुभव जुना आहे. पाच शेळ्या असणारा कर लागेल या भीतीने दोनच सांगतो, आणि मग पुरात पाच गेल्या तरी दोनच्याच पैशांस पात्र ठरतो. त्याला हा हिशेब ओटीवर बसून समजावून सांगितला तर तो पाचही शेळ्या दाखवील, आणि परड्यात बांधलेली सहावी पाटही बाहेर आणील.

शेतकऱ्यानेही शेळी-बोकड विकताना बिल्ल्याचा क्रमांक, घेणाऱ्याचे नाव आणि तारीख एका वहीत टिपून ठेवावी, आणि शक्य तेथे परवानाधारक विक्रेत्यासच माल द्यावा. असा विक्रेता दोन रुपये कमी देतो अशी तक्रार ऐकू येते. ती खरी असेल तेथे दहा-पंधरा शेळीपालकांनी मिळून सौदा करावा; एकट्याने नेलेल्या बोकडापेक्षा एकत्र नेलेल्या वीस बोकडांना विक्रेता निराळ्या तऱ्हेने बोलतो. यंदाच्या पावसाळ्यापूर्वी निदान नदीकाठच्या वाड्यांत तरी ही वही घालावी, आणि ती भांड्याकुंड्यांबरोबर खाली न ठेवता माळ्यावर ठेवावी.